ओआरओपीची वाढ तुमच्या पेन्शनमध्ये नीट उतरली का? ग्वाल्हेरच्या माजी सैनिकांसाठी तपासणीची रीत

ओआरओपी, म्हणजे समान रँक, समान पेन्शन, हा बदल ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने आला आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरला गेला. दर पाच वर्षांनी त्याची फेरआखणी होते. पहिली १ जुलै २०१९ पासूनची आणि दुसरी १ जुलै २०२४ पासूनची. आदेश दिल्लीत निघतो, अंमल प्रयागराजहून होतो, पण मुरारला राहणाऱ्या हवालदाराच्या खात्यात किती जमा होणार हे चार नोंदींवर ठरतं: रँक, ग्रुप (कामाच्या प्रकारानुसार लागलेला गट), सेवेची लांबी आणि नोकरी कशी सुटली ते. यातली एक नोंद चुकीची असेल, तर संगणक ओआरओपीच्या टेबलातल्या चुकीच्या ओळीतला आकडा अगदी बिनचूक उचलतो. तिकडे तक्रार केली की उत्तर येतं, 'टेबलप्रमाणे बरोबर आहे', आणि त्यांच्या बाजूने ते खरंही असतं. म्हणून वाढ कमी वाटली की आधी नोंदी तपासा. तक्रार त्यानंतर.

कागद आधी जमवा

डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), नंतर आलेले सगळे दुरुस्ती पीपीओ, स्पर्शवरचा (संरक्षण खात्याच्या पेन्शन संकेतस्थळावरचा) ई-पीपीओ, शेवटच्या दोन महिन्यांच्या पेन्शन स्लिपा, आधार, पॅन आणि पासबुक. जुना पीपीओ घडीवर फाटत आला असेल तर आत्ताच स्कॅन करून ठेवा. स्पर्शवर माहिती उतरवताना चूक झाली असेल, तर ती सिद्ध करायला हाच कागद लागतो.

स्पर्शमध्ये तुमचा पीपीओ नंबर नवा, १२ आकडी असतो. बँकेच्या काळातला जुना नंबर तिथे चालत नाही. नवा माहीत नसेल तर लॉगिनच्या पानावरच तो शोधायची सोय आहे. लॉगिन झाल्यावर सगळ्यात आधी प्रोफाइलमधला मोबाइल नंबर पाहा. किऑस्कवर घाईत नोंदणी झाली असेल, तर तिथे दुकानदाराचा नंबर घातलेला सापडतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो, पेन्शनचे संदेश त्याच्याकडे जातात, आणि पुढची सगळी कामं अडतात. आणखी एक: आपल्याकडे एमपी ऑनलाइनची दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण स्पर्शच्या कामासाठी ठरवलेली केंद्रं म्हणजे सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर). दोन्ही पाट्या एकाच दुकानावर असू शकतात, म्हणून आत जाण्याआधी विचारून घ्या.

पडताळणीत सरसकट 'हो' नको

बँकेकडून स्पर्शवर आलेल्या प्रत्येकाला एकदा पेन्शनर डेटा व्हेरिफिकेशन, म्हणजे पीडीव्ही, करावं लागतं. स्क्रीनवर एकेक नोंद दिसते आणि ती बरोबर आहे का, असं विचारलं जातं. किऑस्कवरचा मुलगा एकामागून एक 'हो' दाबत सुटतो, कारण त्याला रांग संपवायची असते. तुम्ही मात्र डिस्चार्ज बुक मांडीवर उघडून बसा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, रँक, ग्रुप, एकूण पात्र सेवा, कम्युटेशनची (एकरकमी पैसे घेऊन विकलेल्या पेन्शनची) रक्कम आणि तारीख, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख, मुलांची नावं, बँक खातं हे सगळं अक्षर अक्षर जुळवा. चुकीला एकदा होकार दिला, की नंतर 'तुम्हीच मान्य केलं होतं' हे उत्तर पदरी पडतं. चूक दिसली तर 'नाही' निवडा, खरी नोंद भरा, पुराव्याचं पान जोडा. नोकरीशी संबंधित दुरुस्ती तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे तपासणीला जाते, म्हणून तिला वेळ लागतो. पोच म्हणून मिळालेला नंबर वहीत लिहून ठेवा.

टेबलात आपली ओळ कशी शोधायची

ओआरओपीचा आकडा असा काढतात: फेरआखणीच्या आधीच्या कॅलेंडर वर्षात जे निवृत्त झाले, त्यांच्यातली त्याच रँकची आणि तेवढ्याच सेवेची किमान आणि कमाल पेन्शन घेऊन दोन्हींची सरासरी. २०१४ च्या वेळी आधार २०१३ च्या निवृत्तांचा होता, २०१९ च्या वेळी २०१८ चा. ज्यांना सरासरीहून जास्त मिळत होतं त्यांची पेन्शन कमी करत नाहीत, आहे तशी ठेवतात. त्यामुळे काहींच्या हाती फेरआखणीत एक रुपयाही वाढून येत नाही, आणि तरी त्यात चूक काहीच नसते.

टेबलात सेवा अर्ध्या अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने दिलेली असते. वरचे तीन किंवा अधिक महिने अर्धं वर्ष धरतात. १७ वर्षं २ महिने सेवा असेल तर ओळ १७ ची, १७ वर्षं ३ महिने असेल तर १७.५ ची, आणि १७ वर्षं ९ महिने झाले की १८ ची. डिस्चार्ज बुकातल्या दोन तारखांची वजाबाकी करा आणि पात्र न धरलेला काळ, म्हणजे बिनपगारी रजा, गैरहजेरी वगैरे, त्यातून काढा. एका दिवसाने ओळ बदलू शकते, म्हणून अंदाजाने 'सतरा वर्षं' म्हणू नका.

इथे जुन्या निवृत्तांचा हमखास घोटाळा होतो. २००६ पूर्वी सुटलेल्यांच्या पीपीओवर कधीकधी दोन सेवा दिसतात, एक प्रत्यक्ष आणि एक वेटेज, म्हणजे हिशेबापुरती जादा वर्षं, मिळवून वाढवलेली. ओआरओपीच्या टेबलात प्रत्यक्ष सेवा बघायची. वेटेजसकट ओळ शोधली तर आपल्याला कमी मिळतंय असं वाटतं आणि माणूस महिनोन् महिने अर्ज करत राहतो.

रँकचा घोळ वेगळा. मानद पदं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात, आणि कित्येकदा तोवर हवालदार घरी आलेला असतो. पीपीओ आधीच निघालेला, त्यात रँक 'हवालदार'. १ जानेवारी २००६ नंतर मानद नायब सुभेदार झालेल्या हवालदाराला पेन्शन नायब सुभेदाराची मिळायची असते, पण दुरुस्ती पीपीओ निघाल्याशिवाय ती लागत नाही. घरात भिंतीवर मानद रँकचं प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलेलं आणि ई-पीपीओत मात्र 'हवालदार', अशी स्थिती असेल तर तो कागद फ्रेममधून काढून स्कॅन करा आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवा.

चौथी नोंद, नोकरी कशी सुटली ती. १ जुलै २०१४ किंवा त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सुटलेल्यांना ओआरओपीचा लाभ नाही. डिस्चार्ज बुकात सुटण्याचं कारण आर्मी रूल १३ (३) खाली लिहिलेलं असतं. जवानांसाठी बाब तीनची (एक) म्हणजे करार पूर्ण झाल्यावर सुटका आणि (चार) म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. करार पूर्ण करूनही ई-पीपीओत 'स्वतःच्या विनंतीवरून' आलं असेल, तर इतर काही तपासण्याआधी हीच नोंद दुरुस्त करून घ्या.

आता वर्तमानपत्रातल्या आकड्यांबद्दल. २३ डिसेंबर २०२२ ला मंत्रिमंडळाने पहिल्या, म्हणजे १ जुलै २०१९ पासूनच्या, फेरआखणीला मंजुरी दिली, तेव्हा सरकारने रँकवार आकडे दिले होते: शिपायाची पेन्शन १७,६९९ वरून १९,७२६, हवालदाराची २०,०६६ वरून २१,७८२ रुपये. अजूनही ते व्हॉट्सॲपवर फिरत असतात. तो फक्त रँकचा ढोबळ अंदाज होता, कुणा एकाचा हक्क नव्हे. १५ वर्षं सेवा झालेल्या शिपायाने तो आकडा धरून भांडण काढलं तर हरणारच. अर्जात आपल्या ओळीचा आकडा लिहा, बातमीतला नव्हे.

स्लिपेवरची वजाबाकी

टेबलातली ओळ आणि ई-पीपीओ जुळले, तरी पेन्शन स्लिपेत चूक राहू शकते. समजा मूळ पेन्शन २२,००० आहे आणि तुम्ही त्यातले ६,००० विकले आहेत, म्हणजे कम्यूट केले आहेत. महागाई दिलासा नेहमी पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, कपातीनंतर उरलेल्यावर नाही. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांनी तो १२,७६० होतो. हाती यायचे २२,००० वजा ६,००० अधिक १२,७६०, म्हणजे २८,७६०. स्लिपेत महागाईच्या ओळीत ९,२८० दिसले, तर समजा की हिशेब १६,००० वर झाला आहे आणि दरमहा ३,४८० बुडताहेत.

कम्युटेशनची कपात १५ वर्षांनी थांबून पेन्शन पूर्ववत व्हायला हवी. कपात १ एप्रिल २०१० ला सुरू झाली असेल तर १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण पेन्शन. हे आपोआप व्हायचं असतं, पण स्पर्शवर कम्युटेशनची तारीख चुकीची किंवा रिकामी असेल तर यंत्रणेला थांबायचं कधी ते कळत नाही. तारीख जुन्या पासबुकात सापडते: ज्या महिन्यात पेन्शन पहिल्यांदा कमी जमा झाली, तो महिना. जे आत्ता निवृत्त होताहेत आणि किती विकावं या विचारात आहेत, त्यांनी हेही बघावं. पुढच्या वाढदिवसाला ४० पूर्ण होणार असतील तर गुणक ९.०९० आहे. दरमहा १०,००० विकले तर हाती एकरकमी १०,९०,८०० (१०,००० × १२ × ९.०९०) येतात आणि १५ वर्षांत कापले जातात १८,००,०००. कर्ज फेडायचं असेल किंवा घर बांधायचं असेल तर हा सौदा ठीक आहे. पैसे बचत खात्यात ठेवायचे असतील तर मुळीच नाही.

थकबाकी तपासताना प्रत्येक सहामाहीचा महागाई दर वेगळा धरा. समजा तुमच्या ओळीत १ जुलै २०२४ पासून मूळ पेन्शन १,२०० नी वाढली. जुलै ते डिसेंबर २०२४ चा दर ५३ टक्के, म्हणजे महिन्याला १,८३६, सहा महिन्यांचे ११,०१६. जानेवारी ते जून २०२५ चा दर ५५ टक्के, म्हणजे महिन्याला १,८६०, सहा महिन्यांचे ११,१६०. पहिल्या वर्षाचे २२,१७६ व्हायला हवेत. जमा १४,४०० च झाले असतील तर महागाई धरलेली नाही, हे लगेच ओळखता येतं.

आणि वय ८० झालं की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला दुप्पट. हे ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागतं. फौजेत जन्मतारीख चुकीची लागलेले अनेक जण आहेत. हिशेब फौजेतल्या तारखेनेच होतो, आधारमधल्या नव्हे, त्यामुळे दोन्ही जुळत नसतील तर आधीच निस्तरा.

नावाची भानगड, मराठी घरांत विशेष

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं नाव हिंदी टायपिस्टच्या हातून गेलं की दोन गोष्टी होतात. 'माधवराव पवार' चं 'माधव राव पवार' होतं, कधीकधी 'राव' हेच आडनाव म्हणून नोंदलं जातं. आणि मधलं वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे गळतं. फौजेत नुसतं 'सुरेश पवार', पॅनवर 'सुरेश गोविंदराव पवार', बँकेत 'एस. जी. पवार'. रोमन लिपीत जोशीच्या शेवटी आय की डबल ई, यावरूनही यंत्र दोघांना वेगळी माणसं ठरवतं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ टाकला आणि त्या तळाचं लष्कर शहर झालं. दोनशे वर्षं होऊन गेली, पण 'राव' कुठे जोडायचा हे इथल्या कार्यालयांना अजून कळलेलं नाही.

पण खरा धोका पत्नीच्या नावात आहे. आपल्यात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती. माहेरची कुसुम सासरी सुनंदा झाली. नवऱ्याने युनिटमध्ये लग्नाची नोंद, म्हणजे पार्ट टू ऑर्डर, माहेरच्या कागदांवरून करून घेतली: कुसुम. पुढे आधार, मतदार यादी, बँक सगळीकडे सुनंदा. पेन्शन सुरू असेपर्यंत हे कुणाच्याच लक्षात येत नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शनच्या वेळी सत्तरीच्या आजींना सिद्ध करावं लागतं की कुसुम आणि सुनंदा एकच. आणि ज्याच्या सहीने ते सोपं झालं असतं, तो तर आता नाही.

म्हणून हे काम दोघं असताना करा. साधारण लागणारे कागद: दोन्ही नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांतल्या नावबदलाच्या जाहिरातीची कात्रणं, डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान, आधार, पॅन, दोघांचा एकत्र फोटो. प्रतिज्ञापत्र कुणासमोर करायचं, जाहिराती किती वर्तमानपत्रांत द्यायच्या, याबद्दल प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसची स्वतःची यादी असते. ती मागवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महारचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला, ईएमईचं सिकंदराबादला. पत्राच्या वरच आर्मी नंबर, रँक, नाव, दोन्ही पीपीओ नंबर आणि मोबाइल लिहा. आर्मी नंबर नसलेलं पत्र तिथे फायलीपर्यंत पोचत नाही. रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव नेमकं काय लिहिलं आहे हेच माहीत नसेल, तर १० रुपये फी भरून माहिती अधिकारात पार्ट टू ऑर्डरची प्रत मागवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

मुलगी विधवा किंवा घटस्फोटित असेल, किंवा मूल अपंग असेल, तर त्यांचीही नोंद आत्ताच करून घ्या. अपंग मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब पेन्शन मिळू शकते, पण नोंद नसेल तर त्याच्यासाठी धावायला कुणी उरत नाही.

तो गेल्यावर

महापालिकेचा मृत्यू दाखला निघाला की स्पर्शवर मृत्यूची नोंद करा, किंवा सीएससीत जाऊन करून घ्या. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची मिळते. पुढच्या महिन्याची चुकून जमा झाली तर काढू नका, ती परत घेतली जाते. एटीएममधून काढून टाकली असेल तर कुटुंब पेन्शनमधून कापली जाते, आणि नेमकं तेव्हाच घरात पैशांची ओढाताण असते.

साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर आधी वाढीव दर लागतो, ५० टक्के, सात वर्षं किंवा त्याचं वय ६७ झालं असतं तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. ५८ व्या वर्षी गेला तर सात वर्षं पूर्ण मिळतात. ६२ व्या वर्षी गेला तर पाचच. ही तारीख ई-पीपीओत लिहिलेली असते. ती वहिनींना आधीच दाखवून ठेवा, नाहीतर त्या महिन्यात पेन्शन अचानक उतरली की 'कुणीतरी पैसे खाल्ले' म्हणून घरात गोंधळ होतो. नोकरीत असताना, नोकरीशी संबंधित कारणाने मृत्यू झाला असेल तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, आणि लढाईत वगैरे गेला तर उदारीकृत पेन्शन, म्हणजे पूर्ण शेवटचा पगार.

हयातीचा दाखला

जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, काढताना मंजुरी देणारं कार्यालय म्हणून पीसीडीए (पी), म्हणजे प्रयागराजचं पेन्शन कार्यालय, आणि वितरण करणारं म्हणून 'स्पर्श' निवडायचं, आणि पीपीओ नंबर नवा १२ आकडी. सवयीने जुनी बँक निवडली तर दाखला निघतो, मोबाइलवर संदेशही येतो, पण स्पर्शपर्यंत पोचत नाही आणि पेन्शन थांबते. शेवटची तारीख डॅशबोर्डवर दिसते. बोटांचे ठसे पुसले असतील तर मोबाइलवर चेहऱ्याने ओळख पटवता येते. आजोबा घराबाहेर पडू शकत नसतील तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत काढून देतो. दाखला चुकून पेन्शन थांबलीच तर घाबरू नका. दाखला पोचला की थांबलेल्या महिन्यांची रक्कमही मिळते.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

नोंद बरोबर आणि पैसे कमी, तर स्पर्शवर तक्रार. नोंदच चुकीची, तर रेकॉर्ड ऑफिस. हा भेद पाळला नाही तर अर्ज दोन्हीकडे फिरत राहतो. तक्रारीत भावना कमी आणि आकडे जास्त असू द्या: 'टेबलातल्या माझ्या ओळीप्रमाणे मूळ पेन्शन इतकी, मिळते इतकी, फरक इतका, अमुक तारखेपासून', आणि त्या ओळीचं पान जोडा. एका तक्रारीत एकच मुद्दा. रँक, महागाई आणि पत्नीचं नाव एकाच अर्जात कोंबलं तर एक मुद्दा सुटतो आणि तक्रार 'निकाली' लागते. उत्तर आलं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार संकेतस्थळावर, तिथे स्पर्शचा तक्रार नंबर द्या. कागद भरायला मदत हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पेन्शन अदालत जाहीर झाली की तिथेही अर्ज देता येतो, आणि नोंदी आधीच जुळवून नेल्या तर काम होतं.

शेवटचा दरवाजा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ जबलपूरला आहे. तिथे जाण्याआधी विभागाकडे रीतसर अर्ज केलेला आणि नाकारलेला, किंवा सहा महिने पडून राहिलेला असावा लागतो, म्हणून प्रत्येक अर्जाची पोच जपा. पेन्शन कमी मिळणं हे दर महिन्याला नव्याने घडणारं नुकसान मानतात, त्यामुळे जुनी चूक म्हणून दावा लगेच फेटाळत नाहीत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर उशिरा आलेल्याला थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. चूक २०१४ पासूनची असली आणि तुम्ही आज गेलात, तर मधली वर्षं गेली ती गेलीच.